दोन नावडत्यांचा सौदा

१

खंडेनवमीच्या दुपारी सगुणामावशींचा नवरा चोरीला गेला.

हे वाक्य माझं नाही, मावशींचंच आहे. फोनवर नीता रडत होती आणि मागून मावशींचा खणखणीत आवाज येत होता, "राधिकाला म्हणावं, माझा नवरा चोरीला गेलाय. जेवत असलीस तर हात धू आणि नीघ."

मी जेवतच होते. हात धुतला आणि सिंगापुरातल्या तोआ पायोहहून टॅक्सी करून बेडोकला मावशींच्या घरी निघाले. मी विमा कंपनीत दावे तपासते. कोणाचं घर जळलं आणि कोणी जाळलं, हे बघण्यात माझी अर्धी हयात गेली. त्यामुळे आमच्या ओळखीच्या मराठी घरांत काहीही हरवलं, अगदी कुकरची शिटी हरवली तरी, मलाच बोलावणं येतं. पण मावशींचा नवरा म्हणजे कुकरची शिटी नव्हे.

नवरा म्हणजे एक कट्यार. सांगते.

शिवणगड नावाचं एक टीचभर संस्थान होतं. राज्य विलीन झालं, राजाचा तोरा मात्र विलीन झाला नाही. पहिलं लग्न हत्ती-घोडे लावून, बरोबरीच्या राजघराण्यातल्या मुलीशी. तिला मूल होईना, म्हणून दुसरी बघितली. तोवर दुसरी बायको करायला कायद्यानं बंदी आली होती. शिवाय ही दुसरी पडली साध्या पाटलाच्या घरची, तिच्या दारात राजानं जायचं म्हणजे कमीपणा. मग जुनी खांडा पाठवायची रीत बाहेर काढली. त्या रीतीत नवरा जात नाही, त्याचं हत्यार जातं. मांडवात पाटावर गादीची कट्यार ठेवली, मध्ये अंतरपाट धरला, आणि सतरा वर्षांच्या सगुणेनं कट्यारीला हार घातला. उद्या कोणी कोर्टात खेचलं तर राजा म्हणायला मोकळा, "मी कुठे होतो लग्नाला?"

पुढे राजाचं मन दोघींवरही बसलं नाही. तो मुंबईत तिसऱ्याच बाईकडे राहायला लागला. दोन वर्षांत सगुणेला एका ट्रंकेसकट माहेरी पोचवण्यात आलं, आणि ट्रंकेत कट्यार निघाली. माहेरी बसून राहणाऱ्यांतल्या मावशी नव्हेतच. नर्सिंग शिकल्या, सिंगापूरला आल्या, इथल्या इस्पितळात नोकरी केली, नागरिक झाल्या. महाराज वारले तेव्हा त्यांनी कुंकू पुसलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "माझं लग्न कट्यारीशी लागलंय. तिला अजून गंजसुद्धा चढलेला नाही."

आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. नीता त्यांच्या बहिणीची नात. ती, नवरा निशिकांत आणि मुलगी जाई मावशींच्याच फ्लॅटमध्ये राहतात.

दार नीतानं उघडलं. बाहेरच्या जाळीला तिनं आतून कुलूप घातलं होतं.

"कोणाला बाहेर सोडलं नाहीये," ती म्हणाली. "पण राधिका, संध्याकाळी सातला विमान उतरतंय. त्याच्या आत कट्यार सापडली नाही तर मावशी काय करतील मला माहीत नाही."

"विमानात कोण आहे?"

"त्यांची सवत."

२

मावशी हॉलमध्ये खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. रडणं वगैरे काही नाही. पण मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले होते, आणि मावशींचे हात मी असे कधी पाहिले नव्हते.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी सौदा ऐक, मग चोर शोध."

सौदा असा. महाराजांच्या दत्तक मुलाचा मुलगा प्रताप सध्या शिवणगडचा मालक आहे. गढीचं त्यानं हॉटेल केलंय. उद्या दसऱ्याला हॉटेलचं उद्घाटन आणि शिलंगणाची मिरवणूक. पाहुणे, कॅमेरे, सगळा थाट. मिरवणुकीत गादीची कट्यार हवीच, आणि ती तर बेडोकला. त्यानं आधी मागून पाहिली, मग गोड बोलून पाहिलं. मावशींनी अट घातली, आक्कासाहेबांना इकडे पाठव आणि कट्यार घेऊन जा.

आक्कासाहेब म्हणजे थोरल्या राणीसाहेब. नव्वदीच्या. आजही गढीच्या मागच्या सोप्यात राहणाऱ्या.

"लोकांना वाटतं, आक्कासाहेबांचं नशीब थोर," मावशी म्हणाल्या. "राजाची मुलगी, राजाची राणी. अगं, तेच नडलं तिला! मी पाटलाची पोर, माझं लग्न धड लग्नसुद्धा नाही, म्हणून मला हाकलता आलं. तिला कोण हाकलणार? राजघराण्याची अब्रू ना! माहेरी जायचं नाही, गोषा सोडायचा नाही, नवरा ढुंकून बघत नसला तरी मुजरे घ्यायचे. साठ-पासष्ट वर्षं ती त्या सोप्यात बसलीय, बाई."

"आणि तुम्हाला हाकलणारे महाराज..."

"महाराज कुठले? तिनंच हाकललं मला!" मावशींचा आवाज पहिल्यांदा हलला. "भर पंगतीत म्हणाली, ही पाटलाची पोर माझ्या बरोबरीनं बसणार असेल तर मी अन्न सोडते. थोरलीचा शब्द, झालं, दुसऱ्या दिवशी माझी रवानगी. मी दहा वर्षं तिला शिव्या घातल्या. नंतर तिच्या दासीकडून कळलं. ती दासीला म्हणाली होती, एकीला तरी बाहेर पडता येईल अशी वाट होती, ती मी काढून दिली. ट्रंकेत कट्यार तिनंच घातलेली."

मावशींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"नंतर दासीच्या मोबाईलवर आम्ही रोज संध्याकाळी बोलायला लागलो. तिला काय हवंय विचारलं तर म्हणाली, 'सगुणे, मला एकदा उघड्या तोंडानं रांगेत उभं राहायचंय. माझ्या पुढे चार माणसं, मागे चार माणसं. कोणी बाजूला सरायचं नाही.' आता सांग. तिनं मला बाहेर काढलं, मी तिला काढायला नको? आज सातला ती नर्सबरोबर उतरणार, मी तिला डोळ्यांनी बघणार, आणि विमानतळावर प्रतापचा माणूस येईल त्याच्या हातात कट्यार देणार. कट्यार नसेल, तर तो तिला पुढच्या विमानानं परत नेईल. पुन्हा त्या सोप्यात."

"काल बोलणं झालं का त्यांच्याशी?"

"नाही. काल नाही, परवाही नाही. प्रताप म्हणाला, दासी सामानाच्या गडबडीत आहे."

मी मान डोलावली. त्या वेळी ते मला खरंच वाटलं.

३

नव्या सरकारी फ्लॅटांत प्रत्येक घराला जाड भिंतींची, पोलादी दाराची एक चिमुकली खोली असते. बॉम्बशेल्टर. लोक तिच्यात सुटकेसा आणि जुने पंखे कोंबतात. मावशींनी तिच्यात देव बसवलेत. दाराला चांगला वीतभर उंच उंबरा आहे, त्यामुळे ते खरंखुरं देवघर वाटतं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आत जमिनीवर लाल वस्त्र अंथरून त्यावर घरातली सगळी हत्यारं मांडली होती. निशिकांतचा लॅपटॉप, ड्रिल मशीन, नीताच्या सुऱ्या, मावशींचा जुना स्टेथोस्कोप आणि मधोमध कट्यार. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा मावशींचा कायदा; सूट फक्त संध्याकाळी विमानतळावर न्यायच्या कट्यारीला. जेवणं झाल्यावर नीता पानाचा विडा ठेवायला गेली, तर कट्यारीची जागा रिकामी.

जाईनं सकाळी काढलेला फोटो मी फोनवर उघडला आणि तो हातात धरून उंबऱ्यात उभी राहिले. फोटोत वस्त्र मागच्या भिंतीला लागून, सरळ. आता ते दाराच्या बाजूला ओढलं गेलेलं, चुण्या पडलेलं. लॅपटॉप तिरका. सुपाऱ्या घरंगळलेल्या. वस्त्रापुढे काढलेली रांगोळी उंबऱ्यापर्यंत पुसटलेली, जणू तिच्यावरून कापड ओढत आणलंय. आणि रांगोळीवर पाऊल एकही नाही.

"घाईघाईत ओढलं असणार," नीता म्हणाली.

"घाई असती तर दोन पावलं आत टाकून उचलली असती. ते जास्त सोपं. हे बघ, उंबऱ्याबाहेर ओणवं होऊन कोणीतरी वस्त्राचं टोक धरलं आणि सगळा पसारा आपल्याकडे ओढून घेतला. कट्यार हाताशी आली तशी उचलली. इतका खटाटोप कशाला?"

ते मला लगेच सुचलं नाही, उगाच कशाला खोटं बोला.

पूजेला घरच्यांखेरीज दोघंच आले होते. चैत्राली आणि प्रबोध. चैत्राली जेवण होताच गेली होती. ती प्रतापच्या हॉटेलची अंतर्गत सजावट करते. कट्यारीसाठी काचेची पेटी तिनंच बनवून घेतलीय. प्रबोध तीन आठवड्यांपासून यायचा. पुण्याचा, इथे आयटीत मॅनेजर. संस्थानांतल्या स्त्रियांवर पुस्तक लिहितोय म्हणून मावशींच्या मुलाखती घ्यायचा. गरीब स्वभावाचा, मावशींच्या पाया पडल्याशिवाय न निघणारा. नीतानं जाळीला कुलूप घालायच्या आधी चैत्रालीशिवाय आणखी एक जण खाली जाऊन आला होता, खांद्यावर लांबलचक बॅडमिंटनची बॅग घेऊन.

तो निशिकांत, नीताचा सख्खा नवरा.

४

निशिकांत हिशेबतपासनीस आहे. कपाळावर आठ्या नसताना मी त्याला फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलंय.

"हो, मला ती राणी इथे नकोय," तो म्हणाला. "तिच्यासाठी माझी ऑफिसची खोली रिकामी केली. पडदेसुद्धा काढले! मावशी म्हणतात, तिनं जन्मभर पडदे बघितलेत, इथे एकही नको. मी जेवणाच्या टेबलावर बसून काम करतोय. पण म्हणून मी चोरी करीन?"

"बॅगेत काय होतं?"

तो आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "लॅपटॉप."

"लॅपटॉप तर पूजेत आहे."

"तो जुना. बंद पडलेला. आज कॉल होता गं, बॉस काय खंडेनवमी पाळतो? चालू लॅपटॉप बॅगेत घालून इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर जाऊन बसलो."

म्हणजे ह्यानं देवालाही बंद पडलेलं यंत्र दाखवून फसवलं होतं. मला हसू आवरेना.

"देवघरात गेला होतास?"

"जेवणानंतर आत जाऊन घंटा वाजवून माफी मागून आलो. कट्यार होती तेव्हा."

चैत्रालीला जाईच्या टॅबवर व्हिडिओ कॉल लावला. ती उचलल्या उचलल्या म्हणाली, "मला माहीत होतं! काही हरवलं की पहिलं नाव माझंच येणार."

"तुला कट्यार हवी होती की नाही?"

"हवी होती. पण उद्या सकाळी तिकडे हॉटेलात मिळणारच होती ना! चोरून कशाला आणू, आणि पेटीत ठेवल्यावर काय सांगू, उडत आली?"

मुद्दा बिनतोड होता. पण माझ्या डोक्यात उंबरा बसला होता. देवघराबाहेर कोण थांबतं? आपल्याकडची जुनी उत्तरं मला ठाऊक होती. मी जरा चाचरतच विचारलं, "चैत्राली, राग मानू नकोस. तुला आज अडचण होती का?"

"काय विचारतेस तू, राधिका!" ती लाल झाली. "होती. सकाळीच. पण मी पाळत नाही. ती रांगोळी कोणी काढली? मीच, आत बसून. मावशींना सांगू नकोस फक्त."

"मावशी इथंच बसल्यात गं," मावशी खुर्चीतून म्हणाल्या. "आणि मी चाळीस वर्षं नर्स होते. छान काढलीस हो रांगोळी."

तेव्हा ते उत्तरही गेलं. उंबरा न ओलांडणारी व्यक्ती चैत्राली नव्हती. नीता, जाई, निशिकांत, मावशी, सगळे सकाळपासून आत-बाहेर करत होते.

उरला प्रबोध. तो जाळीजवळच्या स्टुलावर बसला होता. मी आल्यापासून तिथून हलला नव्हता.

५

"तुम्ही आरतीला कुठे उभे होतात?" मी विचारलं.

"इथेच. हॉलमध्ये."

"आत नाही गेलात?"

"आत जागा लहान आहे ना."

त्याच्या गालांवर दोन-तीन दिवसांचे दाढीचे खुंट होते. मी त्याला दोनदाच भेटले होते, पण दोन्ही वेळा गुळगुळीत दाढी, कपाळावर बारीक गंध. आज गंधही नव्हतं. समोर तिपाईवर प्रसादाची वाटी तशीच, वरच्या साखरेला पाणी सुटलेलं.

"प्रसाद घेतला नाहीत?"

"नवरात्राचे उपास आहेत माझे. उद्या सोडणार."

जाई सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. विद्यापीठात शिकते, मराठी समजतं सगळं, बोलते आपल्या पद्धतीनं, शेवटी इथलं 'लाह' लावून. तिनं मान वर केली.

"उपास कसला? सकाळी मी नारळ आणायला खाली गेले तेव्हा अंकल हॉकर सेंटरला खात बसले होते. काया जॅमचा टोस्ट, एग्ज सकट. मी हाय केलं, बघितलंच नाही लाह."

प्रबोधनं स्टूल जाळीकडे सरकवलं.

अंडं चालतं आणि देवाचा प्रसाद चालत नाही. तीन आठवडे वाकून नमस्कार करणारा माणूस आज देवापुढे हात जोडत नाही, गंध लावत नाही, दाढी करत नाही. चोरी करतो, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही. वस्त्र ओढून घेतो. चोरीचं पाप ह्याला चाललं, देवघर बाटवायचं पाप चाललं नाही.

आमच्यात माणूस असा कधी वागतो, ते मला कळलं. आणि ते कळल्यावर पुढचंही कळलं. चोर सापडल्याचा आनंद मला होत असतो. आज झाला नाही. मला ते शब्द मावशींसमोर उच्चारायचे नव्हते.

"प्रबोध," मी हळूच म्हटलं, "बाहेर कॉरिडॉरमध्ये येता का?"

"काही बाहेर जायचं नाही," मावशी म्हणाल्या. "माझ्या घरात माझ्या देखत बोल. काय विचारायचंय तुला?"

इलाज नव्हता.

"तुम्हाला सुतक आहे. कोणाचं?"

६

प्रबोध स्टुलावरून उठला आणि खाली फरशीवर बसला. डोकं गुडघ्यांत घातलं. मावशी सोडून आम्ही सगळे उभे.

"मी पुण्याचा खरा, पण आमची भावकी शिवणगडची," तो म्हणाला. "प्रताप माझा चुलतभाऊ. कट्यार खरी आहे का, कुठे ठेवतात, ते बघायला त्यानं मला इथे यायला सांगितलं होतं. पुस्तकबिस्तक काही नाही. पण चोरायचं ठरलेलं नव्हतं, शपथ घेतो. सौदा पाळणारच होते. तिकीट काढलं होतं."

"मग?"

"परवा पहाटे थोरल्या आजीसाहेब गेल्या. झोपेतच."

नीतानं तोंडावर हात धरला. मी मावशींकडे पाहिलं. त्या हलल्या नाहीत.

"दसरा तोंडावर. बातमी फुटली तर भावकीला सुतक, शिलंगण बंद, उद्घाटन बंद. प्रताप म्हणाला, दसरा होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. पहाटेच्या अंधारात मागच्या दारानं नेलं त्यांना. चार माणसं होती. मला फोन केला, आता सौदा होणार नाही, कट्यार घेऊन रात्रीच्या विमानानं ये. मी घेतली. जेवणानंतर सगळे स्वयंपाकघरात होते तेव्हा. बाहेर तुमच्या कढीपत्त्याच्या कुंडीमागे ठेवलीय. जाताना उचलणार होतो, तेवढ्यात जाळीला कुलूप लागलं." तो रडायला लागला. "चोरी केली, आजीसाहेब. पण सुतकाचा पाय तुमच्या देवघरात टाकला नाही."

तीन आठवडे तो त्यांना मावशी म्हणत होता. आता आजीसाहेब म्हणाला. ते माझ्याही ध्यानात आलं आणि त्यांच्याही.

निशिकांत कुलूप काढून बाहेर गेला आणि कट्यार घेऊन आला. त्यानं ती दोन्ही हातांवर धरली होती. चोर, पुरावा, कबुली, सगळं मिळालं. दावा निकाली. मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

मावशींनी विचारलं, "लुगडं कोणतं नेसवलं होतं तिला?"

"माहीत नाही, आजीसाहेब."

"तिला कोणी विचारलं नाही, तुला कोण सांगणार." त्यांनी डोळे पुसले, पदरानं, खसाखसा. "अरे, राणी म्हणून तिला कोंडून ठेवलंत ना रे? अब्रू, अब्रू करून. साधी बाई असती तर कधीच पळून गेली असती, चार घरची भांडी घासून सुखानं जगली असती. आणि मेल्यावर? मेल्यावर राणीपणाचा एक नगारासुद्धा तिच्या वाट्याला येऊ दिला नाहीत! मागच्या दारानं!"

"माझं चुकलं."

"तुझं चुकलंच. मला एक सांग. माझ्या पायाशी सुतक सुतक करतोयस, म्हणजे मलाही आहे का रे ते?"

प्रबोधनं वर पाहिलं. "तुम्ही घरच्या आहात. तुम्हालाही दहा दिवस."

"बघ हं," मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकदमच आलं. "दोन वर्षं त्या घरात होते तेव्हा मी कोणी नव्हते. आज सुतकाला मात्र घरची झाले. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, माझं तर पानच आज वाढलं, तेही सुतकाचं." मग त्या उठल्या. "लाव प्रतापला फोन. सगळ्यांना ऐकू येईल असा."

प्रतापनं पहिल्याच रिंगला उचलला. "मिळाली का?"

"मिळाली," मावशी म्हणाल्या. "माझ्या हातात आहे."

निशिकांतच्या हातांवरची कट्यार त्यांनी खरंच उचलून घेतली.

"प्रताप, उद्या शिलंगण नाही. दहा दिवस गढीवर सनई वाजणार नाही. आज संध्याकाळी गावात दवंडी द्यायची, थोरल्या राणीसाहेब गेल्या म्हणून. दहावा, तेरावा, सगळं समोरच्या दारानं. मग तुझी कट्यार तुला."

"तुम्ही कोण सांगणार?" त्याचा आवाज चढला. "कायद्यानं तुम्ही आमच्या कोणीच नाही. ते लग्नच नव्हतं!"

"अगदी बरोबर, बाळा," मावशी शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर तुझ्या अब्रूचं मला काही देणंघेणं नाही. ते ओझं आक्कासाहेबांवर होतं. मी कोणालाही काहीही सांगू शकते. तुझ्या पाहुण्यांना, तुझ्या कॅमेऱ्यांना."

"तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"माझ्यावर ठेवतील," प्रबोध म्हणाला. तो फरशीवरून उठून फोनजवळ आला होता. आवाज कापत होता, पण बोलला. "दादा, मी भावकीच्या ग्रुपवर टाकतोय. आत्ता. सुतकात शिलंगण केलंस तर तुझ्या घोड्यामागे एक माणूस चालणार नाही."

त्यानं खरंच तिथल्या तिथे टाकलं. जाईनं त्याच्या खांद्यावरून वाचून खात्री करून घेतली.

सातला विमान उतरलं असेल. आम्ही कोणी विमानतळावर गेलो नाही. मावशींनी देवघराचं पोलादी दार बाहेरून ओढून घेतलं, आंघोळ केली, आणि पडदे नसलेल्या त्या खोलीत थोरलीसाठी मांडलेल्या पलंगाशेजारी चटई टाकून बसल्या.

७

शिवणगडला उद्घाटन पुढे ढकललं गेलं. तेराव्याला गाव लोटलं होतं, असं प्रबोधनं कळवलं. कट्यार घेऊन तोच गेला होता, तेरावा झाल्यावर प्रतापला द्यायला. मावशींनी ती त्याच्या हातात दिली तेव्हा मी म्हटलं, "मावशी, नवरा परत पाठवलात?"

"ठेवून काय करू? सवतच राहिली नाही," त्या म्हणाल्या.

कुंकू मात्र तसंच आहे. त्याबद्दल मी पुन्हा विचारलं नाही.

सुतक फिटल्यावर एका सकाळी त्यांचा फोन आला, "ये, खाली नाश्त्याला जाऊ." बेडोकच्या हॉकर सेंटरला रविवारची गर्दी होती आणि काया टोस्टच्या दुकानापुढे ही लांब रांग. मी म्हटलं, "तुम्ही टेबल धरून बसा, मी आणते."

"नाही," मावशी म्हणाल्या, आणि काठी टेकत रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी खांद्यावर घेतला. मावशींना बिनपदराचं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांचे सगळे केस पांढरे होते.

पुढच्या चिनी बाईनं मागे वळून पाहिलं, म्हातारी बघून चटकन बाजूला झाली आणि हातानं खूण केली, पुढे या, पुढे या. तिच्या पुढचा माणूसही सरकला. इथे वयाला मान देतात.

मावशींनी दोन्ही हात जोरजोरात हलवले. "नो, नो! यू स्टँड. आय स्टँड." मग मला मराठीत म्हणाल्या, "सांग गं त्यांना. कोणी बाजूला सरायचं नाही. मी रांगेत उभं राहायलाच आलेय."

मी सांगितलं. ती बाई हसून पुन्हा आपल्या जागेवर उभी राहिली. मावशींच्या मागे आणखी माणसं येऊन थांबली. रांग हळूहळू सरकत होती, आणि मावशी रडत होत्या, उघड्या तोंडानं, सगळ्यांच्या देखत.